सकाळची दहा मिनिटे आणि वही : काय लिहावे, कुठे थांबावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण माध्यमिक शाळेत शिक्षिका आहात, वय ४४. घरी सासूबाईंचे आजारपण आहे आणि मुलगी यंदा दहावीला आहे. पहाटे पाचला जाग येते तीच छातीत धडधड घेऊन, आणि अंथरुणातून उठण्यापूर्वीच दिवसभराची सगळी कामे डोळ्यांपुढे उभी राहतात. कोणीतरी सुचवले म्हणून आपण उठल्याबरोबर तीन-चार पाने मनात येईल ते लिहू लागलात. सुरुवातीला बरे वाटले. नंतर मात्र वही मिटल्यावर मन अधिकच जड होऊ लागले. लिहिणे सोडावे की चालू ठेवावे, वही घरात कोणाच्या हाती लागली तर काय करावे आणि मुलीलाही ही सवय लावावी का, असे आपण विचारले आहे.

समुपदेशनाच्या कामात दोन दशकांहून अधिक काळ मी अनेकांना लिहायला सांगत आले आहे, आणि आपल्यासारखी तक्रार मी पुष्कळदा ऐकली आहे. माझे उत्तर असे की लिहिणे सोडू नका, पण पद्धत बदला. सकाळचे लेखन छोटे, ठोस आणि ठरलेल्या जागी थांबणारे असावे. मनातले सगळे उपसून काढणारे लेखनही उपयोगी असते, परंतु त्याची वेळ निराळी आणि मात्राही निराळी. डबे भरून शाळा गाठण्याआधीचा अर्धा तास ही त्याची वेळ नव्हे.

प्रथम त्या धडधडीविषयी. जाग आल्यानंतर साधारण ३० ते ४५ मिनिटांत शरीरातील कॉर्टिसॉल या संप्रेरकाची पातळी वाढून शिखरावर पोहोचते. ही वाढ निरोगी माणसातही होते, आणि सुटीच्या दिवसापेक्षा कामाच्या दिवशी ती अधिक असते, असे अभ्यासांत दिसले आहे. म्हणजे दिवसाला तोंड देण्याची तयारी शरीर आपण होऊन करत असते; ज्याच्या डोक्यावर कामांचा डोंगर असतो त्याला तीच तयारी धास्तीसारखी जाणवते. एवढे कळल्यानेच काही जणांचे निम्मे भय ओसरते. तरीही, आपल्या वयाच्या स्त्रीला रोज पहाटे धडधड होत असेल तर मी वहीच्या आधी डॉक्टरांकडे जायला सांगते. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि रक्तदाब तपासून घ्यावा, गरज वाटल्यास डॉक्टर ईसीजी काढतील, आणि पाळी अनियमित होऊ लागली असेल तर तेही त्यांना सांगावे, कारण रजोनिवृत्तीच्या आधीच्या वर्षांत अशी धडधड आणि पहाटेची मोडलेली झोप हे नेहमीचे अनुभव आहेत. शारीरिक कारण असताना ते मनाच्या खाती टाकून वर्षभर लिहीत बसणे हे स्वतःवर अन्याय करण्यासारखे आहे.

आता लेखनाकडे वळते. लिहिल्याने मन हलके होते ही समजूत जुनीच आहे. तिची शास्त्रीय तपासणी मात्र प्रामुख्याने जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या कामापासून सुरू झाली. १९८६ साली त्यांनी आणि सँड्रा बील यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज १५ मिनिटे लिहायला सांगितले होते. काहींनी क्षुल्लक विषयांवर लिहिले, काहींनी आयुष्यातील एखाद्या क्लेशकारक प्रसंगाची केवळ हकीकत लिहिली, काहींनी केवळ त्याविषयीच्या भावना, आणि एका गटाने हकीकत व भावना दोन्ही लिहिल्या. दोन्ही लिहिणाऱ्या गटाच्या पुढील सहा महिन्यांतील आरोग्यकेंद्राच्या फेऱ्या कमी झाल्या. हा निष्कर्ष सगळीकडे सांगितला जातो. त्याच प्रयोगातील दुसरी नोंद मात्र क्वचितच सांगितली जाते, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात आहे : त्याच गटातील विद्यार्थ्यांचा रक्तदाब लिहून होताच तुलनेने वाढलेला होता आणि मन अधिक खिन्न झालेले होते.

खोल दुःखाविषयी लिहिले की आधी त्रास वाढतो आणि लाभ झालाच तर तो काही आठवड्यांनी, महिन्यांनी दिसतो. शिवाय त्या विद्यार्थ्यांनी चारच दिवस लिहिले होते, आयुष्यभर रोज नव्हे. आपण नकळत रोज पहाटे तितक्याच खोल दुःखात उतरत आहात, आणि त्यातून वर यायला वेळ मिळण्याआधीच आपल्याला सातची बस पकडावी लागते. त्यामुळे वही मिटल्यावर मन जड होणे हे आपल्या दुबळेपणाचे लक्षण नाही, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

लाभाच्या आकाराविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. २००६ साली जोअ‍ॅन फ्रॅटारोली यांनी अशा प्रकारच्या १४६ प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले. सरासरी परिणाम खरा, पण लहान निघाला. वही हे औषध नाही आणि उपचारांना पर्यायही नाही. दिवसाची सुरुवात थोडी सुसह्य करणारे, जवळजवळ फुकट असे ते एक साधन आहे, आणि तेवढ्याच अपेक्षेने हाती घेतले तर ते टिकते.

मग काही जणांना लेखनाने आराम का पडतो आणि काही जण त्यातच का अडकतात? माझ्या अनुभवात याचे सर्वांत मोठे कारण लेखनाच्या लांबीपेक्षा त्याच्या रोखात असते. मानसशास्त्रज्ञ सुसान नोलेन-होक्सेमा यांनी अनेक वर्षे अभ्यासलेली एक सवय म्हणजे तेच ते दुःख मनात घोळवत राहणे. या सवयीने खिन्नता लांबते आणि प्रश्न सोडवण्याची ताकद कमी होते. एडवर्ड वॉटकिन्स यांनी पुढे दाखवले की मनाचे प्रत्येक घोळणे हानिकारक नसते. ‘माझ्याच वाट्याला हे का येते’, ‘मी अशी का आहे’ असे अमूर्त प्रश्न माणसाला खाली ओढतात, तर ‘नेमके काय घडले, कसे घडले, आता पुढचे पाऊल कोणते’ असे ठोस प्रश्न त्याला बाहेर काढू शकतात. कागदावरही हेच घडते. ज्या वहीत रोज ‘सगळे माझ्यावरच का’ हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत उतरते, ती वही घोळवण्याची जागा बनते, आणि लिहिणाऱ्याला वाटत राहते की आपण मन मोकळे करत आहोत.

एक नमुना देते. तो मी आपल्या परिस्थितीवरून रचलेला आहे. ‘आजही सगळी कामे माझ्यावरच पडणार. कोणालाच किंमत नाही. मी कुठेच पुरी पडत नाही, ना शाळेत, ना घरी.’ या तीन वाक्यांत दुःख खरे आहे, पण हाताला लागेल असे काहीच नाही. आता हे पाहा : ‘नववी ब-ची गुणयादी मंगळवारी पर्यवेक्षकांना द्यायची आहे. अकरा मुलांचे तोंडी परीक्षेचे गुण भरायचे राहिले आहेत. मागच्या वेळेप्रमाणे सर्वांसमोर विचारणा होईल याची धास्ती वाटते. आईंच्या गोळ्या उद्यापर्यंतच पुरतील.’ या दुसऱ्या उताऱ्यातही ताण आहेच, परंतु त्याला दिवस आहे, संख्या आहे, माणूस आहे. अशा ताणाचे काही करता येते. निदान त्यातले काय आजचे आणि काय उद्याचे हे तरी ठरवता येते.

त्यावरून मी सुचवते ती पद्धत अशी आहे. चहाचे आधण ठेवले की ओट्याजवळच किंवा जवळच्या खुर्चीत बसावे, आणि भिंतीवरच्या घड्याळात पाहून दहा मिनिटे धरावीत. मोबाइलवर गजर लावायला गेलात तर शाळेच्या ग्रुपवरचे रात्रीचे निरोप दिसतील आणि ती दहा मिनिटे संपलीच म्हणून समजा. पहिली चार-पाच मिनिटे मनात जे घोंगावते आहे ते वरच्या दुसऱ्या नमुन्याप्रमाणे, नावानिशी आणि तारखेनिशी लिहावे. शुद्धलेखन, अक्षर, वाक्यरचना यांकडे लक्ष देऊ नये. शिक्षकांना हे विशेष जड जाते. ज्या बोलीत आपण स्वतःशी बोलता तीच लिहावी, मग ती मालवणी असो की वऱ्हाडी.

त्यानंतर प्रत्येक गोष्टीपुढे तिच्यामुळे काय वाटते ते एका शब्दात लिहावे. ‘टेन्शन’ हा शब्द इथे पुरत नाही, कारण तो सगळ्यावर सारखाच पसरतो. धास्ती आहे की राग, लाज आहे की अपराधीपणा, की केवळ थकवा, हे वेगळे केले की पुढे काय करायचे तेही वेगळे होते : धास्तीला माहिती लागते, रागाला बोलणे लागते, थकव्याला विश्रांती लागते. भावनेला नाव दिल्याने तिचा जोर थोडा उतरतो याला मेंदूच्या अभ्यासातही आधार आहे. मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवले की चेहऱ्यावरील भावनेला शब्दात नाव दिले असता मेंदूतील अमिग्डला या, भीतीसारख्या भावनांशी निगडित भागाची प्रतिक्रिया मंदावते.

शेवटची दोन-तीन मिनिटे मला सर्वांत महत्त्वाची वाटतात, आणि बहुतेक लोक हीच गाळतात. लिहिलेल्यांपैकी एकच गोष्ट निवडावी आणि तिच्यासाठी आजचे एक पाऊल वेळ, जागा आणि कृती यांसह एका वाक्यात लिहावे. ‘गुणांचे काम उरकायचे’ असे नव्हे, तर ‘आज तिसरा तास मोकळा आहे, तेव्हा शिक्षक-खोलीत बसून अकराही मुलांचे गुण भरेन’ असे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांच्या १९९० च्या दशकापासूनच्या संशोधनात असे नेमके ठरवणारे लोक केवळ इच्छा धरणाऱ्यांपेक्षा अधिक वेळा काम पुरे करतात, असे वारंवार दिसले आहे. २०११ साली मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांनी त्याहून आपल्या उपयोगाची गोष्ट दाखवली : अपुरी कामे मनात सारखी डोके वर काढतात, परंतु त्यांच्यासाठी निश्चित योजना केली की, काम अजून झालेले नसतानाही, हा उपद्रव कमी होतो. मनाला काम पुरे होण्याची घाई नसते. ते कोणाच्या तरी ध्यानात आहे याची खात्री त्याला हवी असते.

आणि जिथे कोणतेच पाऊल शक्य नाही तिथे? सासूबाईंचा आजार वहीने बरा होणार नाही. अशा गोष्टीपुढे ‘हे माझ्या हाती नाही, आज मी फक्त त्यांना दुपारी फोन करेन’ इतकेच लिहावे. फारच गुंतायला झाले तर स्वतःविषयी ‘मी’ असे न लिहिता स्वतःच्या नावाने, जणू एखाद्या मैत्रिणीविषयी लिहावे. ईथन क्रॉस यांच्या प्रयोगांत असे अंतर राखल्याने माणूस प्रसंगाकडे थोडा शांतपणे पाहू शकतो, असे आढळले आहे. सुरुवातीला हे कृत्रिम वाटते, पण संतापाच्या दिवशी ते फार कामी येते.

वही कोणाच्या हाती लागेल ही आपली भीती मी अजिबात हलकी मानत नाही. दोन-तीन खोल्यांच्या घरात, जिथे कपाट सामाईक असते आणि ‘काय लिहितेस गं एवढं?’ हा प्रश्न प्रेमानेच विचारला जातो, तिथे खाजगी कागद ही चैन ठरते. कोणी वाचेल या विचाराने माणूस लिहितानाच शब्द गाळू लागतो, आणि मग त्या लेखनाचा उपयोग उरत नाही. माझ्याकडे येणाऱ्या स्त्रियांपैकी कितीतरी जणी याच एका कारणाने लिहिणे सोडतात, आणि त्यांना ‘घरच्यांशी मोकळेपणाने बोला’ असा सल्ला देणे मला अपुरे वाटते. त्याऐवजी मी असे सांगते की पहिल्या भागासाठी वही वापरूच नका. मुलीच्या जुन्या वह्यांतले पाठकोरे कागद घ्या, त्यावर मनातले लिहा आणि लिहून झाल्यावर फाडून टाका. जो उपयोग होतो तो विचार शब्दांत मांडण्याने होतो. कागद जपून ठेवणे ही त्याची अट नाही. फक्त शेवटचे, पावलाचे वाक्य वेगळ्या छोट्या वहीत लिहावे. ती वही कोणी उघडली तरी ‘तिसरा तास, गुण भरणे’ यापलीकडे काही सापडणार नाही. काही जणी वही शाळेतल्या आपल्या कुलुपाच्या खणात ठेवतात आणि परिपाठापूर्वी दहा मिनिटे लिहितात. घरापेक्षा तिथेच एकांत मिळत असेल तर तेही उत्तम.

कागदाऐवजी मोबाइलवर लिहिले तर चालते. मी कागद सुचवते तो केवळ निरोपांच्या व्यत्ययापासून वाचण्यासाठी.

रोज तीन गोष्टींबद्दल कृतज्ञता लिहा, असा सल्लाही आपल्याला मिळाला असेल. एमन्स आणि मॅककलफ यांच्या २००३ च्या अभ्यासापासून या सवयीची बरीच चर्चा झाली आहे, आणि काहींना तिने बरे वाटते, यात शंका नाही. तरीही घरातील सर्वांचे करून थकलेल्या स्त्रीला पहाटे पहिल्यांदा कृतज्ञता लिहायला सांगणे मला पटत नाही. आधीच ‘इतके सगळे चांगले असताना तुला होते तरी काय?’ हे तिने पुष्कळदा ऐकलेले असते, आणि वहीनेही तेच विचारले तर ती आपला त्रास आणखी आत ढकलते. आधी त्रासाला जागा द्यावी. त्यानंतर एखादी चांगली गोष्ट आपण होऊन आठवली तर जरूर लिहावी.

रात्रीचा विचारही करून पाहावा. पहाटे पाचला कामेच डोळ्यांपुढे येत असतील, तर ती रात्रीच कागदावर उतरवणे कदाचित अधिक सोयीचे होईल. २०१८ साली मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर केलेल्या प्रयोगात, झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढील दिवसांच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली, आणि यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर आली. आपण कामांची यादी रात्री आणि भावनेचा भाग सकाळी, अशी वाटणी करू शकता. सकाळची दहा मिनिटे मग सहा मिनिटांवरही येतात.

सवय जुळायला किती दिवस लागतात, यावर एकवीस दिवसांचा आकडा सर्वत्र सांगितला जातो. त्यावर विसंबू नये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली यांच्या २०१० च्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवसांचा आला, आणि माणसागणिक तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. एखादा दिवस चुकल्याने सवय जुळण्यावर विशेष परिणाम होत नाही, हेही त्यातच दिसले. म्हणून परीक्षेच्या दिवसांत, पाहुणे असताना, गणपतीत खंड पडला तर पडू द्यावा आणि सवड मिळताच पुन्हा चहाच्या आधणाबरोबर बसावे. बुडालेल्या दिवसांचे भरून काढण्यासाठी अधिक लिहू नये.

दर रविवारी ती छोटी वही चाळावी. दहा मिनिटांच्या लेखनाने दहा तासांचे ओझे हलके होत नाही, आणि तसा आव आणणेही चुकीचे ठरेल. पण चार आठवड्यांच्या नोंदींत एकच काम, समजा ऑनलाइन माहिती भरण्याचे, पुन्हा पुन्हा दिसले, तर तो आपल्या मनाचा दोष नसून कामाच्या वाटणीचा प्रश्न आहे, आणि तो मुख्याध्यापकांपुढे तारखांसह मांडता येतो. घरातही ‘मला कोणी मदत करत नाही’ याऐवजी ‘आईंना दवाखान्यात नेण्याची जबाबदारी या महिन्यात चारही वेळा माझ्याकडे आली’ असे पतीशी बोलता येते. अशा बोलण्याला उत्तर देणे टाळता येत नाही.

काही परिस्थितींत एकट्याने लिहिणे मी थांबवायला सांगते. लिहिताना जुना अत्याचार, अपघात किंवा मृत्यू पुन्हा डोळ्यांपुढे घडू लागत असेल, तर ते काम तज्ज्ञाच्या सोबतीने करावे. नुकताच घटस्फोट किंवा विभक्तता आलेल्यांविषयीही मी सावध असते. डेव्हिड स्बारा यांच्या २०१३ च्या अभ्यासात, घडलेल्या गोष्टीचा अर्थ लावण्यात आधीच बुडालेल्या व्यक्तींना भावना उपसणाऱ्या लेखनापेक्षा दिवसाची साधी नोंद लिहिणे अधिक मानवले होते. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक आणि कामातला रस गेलेला असेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर वहीची वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. भारत सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

आता मुलीविषयी. शिकागो विद्यापीठातील रामिरेझ आणि बाइलॉक यांनी २०११ साली दाखवले होते की परीक्षेआधी दहा मिनिटे आपली भीती लिहून काढणाऱ्या, विशेषतः परीक्षेची धास्ती घेणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण सुधारले. हा निष्कर्ष खूप गाजला. परंतु २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या फेरतपासणीत त्या संशोधनातील प्रयोग पुन्हा केला असता तसा परिणाम आढळला नाही. म्हणून गुण वाढतील असे आमिष दाखवून तिला लिहायला बसवू नये. तिला हवे असेल तर एक वही द्यावी, आपण काय करतो ते एकदा सांगावे, आणि ती लिहिते की नाही याची चौकशी करू नये. तिची वही उघडून पाहू नये, काळजीपोटीही नाही. तिच्या वागण्यातून काही गंभीर जाणवले तर तिलाच समोर बसवून विचारावे.